मुली आईच्या चर्चच्या

"सर, पोलंडच्या राजा काझिमिएझनं हे शहर जिंकून घेतलं, तर ते आधी कोणाचं होतं?"

हे इतिहासाच्या तासाला विचारून दाखव, अशी पेपीनं मागच्या बाकावरच्या सगळ्यांसमोर पैज लावली होती. पेपी ज्यू. तिच्या घरी शहराला लेम्बेरिक म्हणतात, माझे पोलिश बाबा ल्वुफ म्हणतात, युक्रेनियन आई ल्वीव. १९३८ साली यातलं चुकीचं नाव ट्राममध्ये तोंडून गेलं, की कोणीतरी मुद्दाम पाय तुडवतंच.

"कोणाचंच नव्हतं," सर म्हणाले. "जंगल होतं. दलदल."

"मग एवढं सैन्य घेऊन राजा काय बेडकांवर चालून आला?"

वर्गात हशा पिकला. मला तर पंखच फुटले! सरांनी मात्र हजेरीपट उघडला.

"तेओदोझ्या. वडील पोलिश, लॅटिन चर्चचे. भाऊही. आणि तू?"

"ग्रीक चर्चची. मुलगे बापाच्या चर्चचे, मुली आईच्या. इथली रीतच आहे, सर."

"म्हणजे अर्धं घर साफ करायचं राहिलंय."

त्यांनी एक छापील अर्ज समोर टाकला. ग्रीक, म्हणजे युक्रेनियन लोकांचं चर्च सोडून पोलिश लोकांच्या लॅटिन चर्चमध्ये यायचं. शनिवारी सही होऊन आला नाही, तर सुट्टीनंतर या शाळेत मला जागा नाही.

घरी थोरला भाऊ झिगा कॉलेजची टोपी घालूनच जेवत होता. "करून टाक की. क्रूस तोच! नाहीतर त्या लोकांत राहून भांडी घासशील."

"त्या लोकांतल्या बाईनं केलेलंच गिळतोयस," आई म्हणाली आणि त्याच्यासमोरची ताटली उचलली.

बाबा ट्राम चालवतात. "हान्का, डेपोत मला रोज विचारतात, बायको कुठल्या चर्चमध्ये गाते म्हणून. पोरगी शिकेल तरी."

"कर सही, इग्नासी. घर तुम्हा तिघांचं. मी पाहुणी."

बाबांनी मान वर न करता सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. खाली आणखी एक रेघ होती: चौदा वर्षं पूर्ण असल्यास मुलीची स्वतःची सही. मला मार्चमध्ये पंधरावं संपलं. म्हणजे माझ्याशिवाय हा कागद कोरा!

मी मोठ्यानं वाचलं, "मी माझ्या पूर्वजांच्या चर्चमध्ये परत येत आहे."

मी कागदावरून मान वर केली.

"परत? मी गेले कधी होते? आणि जिचं नाव मला ठेवलंत, ती आईची आई काय वाट चुकली होती?"

"छापील असतं ते, मूर्ख," झिगा म्हणाला.

"छापील आहे म्हणूनच. माझ्या सहीनं ते खरं होणार."

आई रडायच्या बेतात होती, बाबा ओरडायच्या. मी दोघांच्याही आधी उभी राहिले.

"बाबा, आई, मी सही करणार नाही. सप्टेंबरपासून नन्सच्या युक्रेनियन शाळेत जाणार. पोलिश मात्र सोडणार नाही, सांगून ठेवते. भांडायला तीच बरी पडते."