टाकीवरचा कागद

"पंपावर पोरगी खाली उतरली की तिचा हात सोडू नका. आयकलं का? हात सोडायचा न्हाई."

बायकोचं, राजेश्रीचं, हे बोलणं बजरंगला शब्द न् शब्द आठवलं. फक्त एक तास वीस मिनिटं उशिरा आठवलं.

परभणीबाहेरच्या पंपावर पेट्रोल भरताना त्याची आठ वर्षांची लेक साक्षी नेहमीसारखी मागच्या सीटवरून उतरून बाजूला उभी राहिली होती. तेवढ्यात शेजारून एक जुनी मोटारसायकल निघाली. तिच्या चेनचा खडखडाट बजरंगच्या कानाला लागला. चेन इतकी ढिली होती की पुढच्या वळणावर ती उतरून चाकात अडकली असती आणि चालवणारा रस्त्यावर आपटला असता. बजरंगनं किक मारली. त्या अनोळखी माणसाला चार किलोमीटरवर गाठलं, रस्त्याच्या कडेला बसून आपल्या पान्यानं चेन ताणून दिली. मग दोघांचं कार्ब्युरेटरवर बोलणं निघालं आणि रंगलं. हात पुसायला फडकं घ्यावं म्हणून तो उठला, तर हँडलला लटकलेली साक्षीची पाण्याची बाटली दिसली. बाटली भरलेली होती.

तो परत आला तेव्हा पोरगी हवा भरायच्या यंत्राशेजारी खुर्चीवर बसली होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं. ती रडत नव्हती. रडली असती तर बजरंगला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी राजेश्री लेकीला घेऊन माहेरी, ताडकळसला निघून गेली.

बजरंग पेडगावजवळच्या एका शाळेत लिपिक होता. वय छत्तीस. पेडगावातल्या घराच्या पडवीत तीन जुन्या मोटारसायकली, आणि त्यांच्यावर जीव. इंजिन उघडून बसला की सहा-सहा तास तहानभूक नसायची. कोणत्या गाडीचं ऑइल कधी बदललं, प्लग कधी साफ केला, याचा तक्ता भिंतीवर स्वच्छ अक्षरात लावलेला. पण शाळेत महत्त्वाचं पत्र खणात राहून जायचं, घरी दूध उतू जाऊन भांडं जळायचं, बोलणाऱ्याचं वाक्य संपायच्या आत याचं मन तिसरीकडे गेलेलं असायचं. लोकांचा तर्क सोपा होता: गाडीत लक्ष लागतं, म्हणजे बाकी ठिकाणी हा मुद्दाम लावत नाही!

आता तर चहाच्या टपरीवर रोजची करमणूक झाली. "बजरंगराव, घरचे समदे मोजून घेतले का?" एकानं विचारावं आणि बाकीच्यांनी हसावं. बजरंगही हसायचा. घरी येऊन दार लावायचा आणि न जेवता पडून राहायचा.

अकराव्या दिवशी तो बसनं ताडकळसला गेला. सासरे दिनकरराव ओसरीवर पेपर वाचत होते.

"या. एकलेच आलाव, का कुणाला रस्त्यात सोडून आलाव?"

बजरंगनं खिशातून तीन किल्ल्या काढून सतरंजीवर ठेवल्या. "गाड्या कुणालाबी देऊन टाका, मामा. आन् साक्षीला हितंच ठिवा. माझ्याजवळ ती जिती ऱ्हायची न्हाई."

"आत्ता शहाण्यासारखं बोललाव. बोल्टाचं माप पाठ हाय तुमाला, पोटची पोरगी पाठ न्हाई. ह्याला मस्ती मन्तेत, बजरंगराव."

"असंल," बजरंग म्हणाला. लहानपणापासून तो हेच ऐकत आला होता, आणि कधीतरी त्यालाही ते पटून गेलं होतं.

आतून सासूबाई, सरजाबाई, तांब्या घेऊन आल्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे. "पाणी घ्या, जावईबापू. हितून कुठं जायलाव?"

"जातो कुठंतरी."

त्या तिथंच खाली बसल्या. हातातला पदर नुसता चुरगाळत राहिल्या. "असंच मनला होता माझा भाऊ, तात्या," त्या नवऱ्याकडं बघून म्हणाल्या. "बैलं उन्हात बांधून विसरायचा, मोटर चालू ठिवून विसरायचा. आमी समद्यांनी त्याला सुधारायचं मनावर घेतलं. बापानं मारलं, भावकीनं हसून घेतलं. एक दिवस पूर्णेला रेल्वेत बसला. एकतीस वर्षं झाली, परत आला न्हाई. मी त्याच्या नावानं सोमवार धरते. पण तवा त्याच्याजवळ बसून, तुला काय होतंय, असं एकदा इचारलं न्हाई मी."

मधल्या दाराशी साक्षी येऊन उभी होती. ती पुढं आली नाही. तिथूनच म्हणाली, "पप्पा, त्या काकाची चेन पडली का?"

बजरंग तिच्याकडं वळला. "न्हाई, बाळा. नीट करून दिली."

"मग बरं." ती म्हणाली, "टाकीवरचा कागद असता तर तुमी मला बी नेलं असतं."

"कसला कागद?" दिनकररावांनी विचारलं.

बजरंग मान खाली घालून बसला. त्यानं बायकोचं नाव घेतलं नाही. स्वयंपाकघरातून राजेश्रीच बाहेर आली.

"मी काढला तो कागद," ती म्हणाली. "सिद्धोधन सर हायेत ह्यांच्या शाळंत. ते ह्यांना परभणीला मनाच्या डॉक्टरकडं घेऊन गेले होते. डॉक्टर मनले, ही मस्ती न्हाई, येडबी न्हाई. लक्ष ताब्यात न ऱ्हायचा आजार हाय, लहानपणापासूनचा. मोठेपणीबी ऱ्हातो. जिथं मन गुंतलं तिथंच अडकून बसतंय, जिथं न्यायचं तिथं नेता येत न्हाई. गोळ्या दिल्या. आन् मनले, गाडीचा तक्ता भिंतीला लावताव ना, तसाच दिवसाचा तक्ता डोळ्यापुढं ठिवा. ह्यांनी गाडीच्या टाकीवर कागद चिकटवला. 'स्टँड. किल्ली. मागं कोण? साक्षीचा हात.' वीस दिवस एक गोष्ट चुकली न्हाई, आई."

"मग?"

"एका साखरपुड्यात पोरांनी तो वाचला. फोटो काढले, हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन नखानं खरवडून काढला. गोळ्याबी बंद करा, मीच मनले. येड्याच्या डॉक्टरचा कागद घरात सापडला तर उद्या साक्षीच्या सोयरिकीत आडवा येईल. कागदाच्या जागी मी तोंडानं सांगत ऱ्हायले. ते हवेत जातंय हे मला ठावं होतं." ती भिंतीला टेकली. "पोरगी पंपावर ह्यांनी न्हाई सोडली. मी सोडली."

दिनकरराव पुटपुटले, "पण गडीमाणसानं गाडीवर असलं लिवून फिरायचं मन्जे—"

"मन्जे काय?" सरजाबाई हळूच म्हणाल्या. "माझा पूजेचा नेम चाळीस वर्षं टिकला, तो आठवणीवर टिकला का? तुळशीला पाणी घातल्याबिगर चहा घ्यायचा न्हाई, असं बांधून घेतलं मनून टिकला. एकशेआठ नावं घ्यायला मला मणी लागतेत. माझी माळ बघून लोक हात जोडतेत आन् ह्यांचा कागद बघून हसतेत. देवाचं नाव विसरू नये मनून मणी, तर लेकरू विसरू नये मनून कागद. त्यात लाज कसली?"

दिनकररावांनी किल्ल्या उचलून जावयाच्या हातात दिल्या.

"मंगळवारी दुपारी एकचा डॉक्टरचा नंबर लावते," राजेश्री म्हणाली. "तुमी नऊला गाडी घेऊन हितं या. मी मागं बसते."

"मी विसरलो तर?"

"विसरलाव तर विसरलाव. मी येते मनले ना तुमच्या संगं."

मंगळवारी नऊ वाजले. साडेनऊ झाले. बजरंग आला नाही. राजेश्रीनं फोन लावला, तो वाजून वाजून बंद पडला. कदाचित तो पडवीत एखादं इंजिन उघडून बसला असेल. कदाचित दार लावून पडला असेल. कदाचित स्टेशनवर असेल. हा शेवटचा विचार घरात प्रत्येकाच्या मनात आला आणि कोणीच बोलून दाखवला नाही. दिनकररावांच्या ओठावर टोमणा आला होता, तोही त्यांनी गिळला.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात, कचेरीत असा एखादा माणूस असतो. आपण त्याला बेफिकीर म्हणतो, हसतो, शिक्षा करतो, आणि आपण त्याला सुधारतोय असं समजतो. शिक्षेनं कुणाची आठवण वाढत नाही. माणूस तेवढा आतून संपत जातो. त्याला डॉक्टरकडं नेणं ही लाज नाही, त्याची औषधं लपवणं ही लाज आहे. आणि ज्याला आठवतं, त्यानं न चिडता, पुन्हा पुन्हा, विसरणाऱ्याच्या वाट्याचं आठवावं. माया असेल तर एवढं करावं लागतं.

राजेश्रीनं दवाखान्याची फाईल पिशवीत घातली आणि चपला सरकवल्या.

"कुठं गं?" सरजाबाईंनी विचारलं.

"पेडगावला. तिथून त्यांच्या संगं दवाखान्यात."

पेडगावला जायला आधी परभणीची बस, ती निघायला पाच मिनिटं होती. तिनं पुन्हा फोन लावला, तो वाजत असतानाच कानाशी धरून ठेवला, आणि स्टँडकडं चालू लागली.