पुढच्या दाराचा आवाज

या मंडळी, जवळ सरका. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे या, जागा पुष्कळ आहे. एक गोष्ट सांगतो. मध्येच जीव टांगणीला लागेल, पण उठताना हलकं वाटेल, हा माझा शब्द.

तळ्याकाठी एक छोटी वस्ती होती. सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांवर तिथली चूल पेटायची, त्यामुळे 'या, बसा, दमलात का?' हे शब्द प्रत्येकाच्या ओठांवर तयार! तिथल्याच एका घरातल्या धाकट्या जावेने पुढच्या खोलीत कॉफीचं दुकान थाटलं. आज पहिला दिवस. कोरी टेबलं, दाराला घंटी, फसफसणारं यंत्र. मागे स्वयंपाकघरात मोठी जाऊ केक भाजत होती. ती बिचारी विधवा, याच घरात राहणारी. धाकटीची मुलं तिच्याच मांडीवर वाढलेली.

"या ना, खिडकीजवळ बसा! तिथून तळं छान दिसतं," धाकटी पुढे म्हणायची. आणि मधला पडदा ओलांडला, की जणू दुसरीच बाई! "ताई, हात चालताहेत की झोपलात? बशा काय मी पुसू?"

पडद्यालगत एक म्हातारे होडीवाले बसले होते. पाहुण्यांना तळ्यात फिरवण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"सूनबाई, कॉफी झकास," ते म्हणाले, "पण माझ्या एका कानात साखर पडतेय आणि दुसऱ्यात मिरची!"

धाकटी हसली. "आजोबा, त्या घरच्याच आहेत. घरच्यांशी कसला आलाय पाहुणचार?"

"अगं, पाहुणा चार दिवसांत तुझं तोंडही विसरेल. जन्मभर तुझा आवाज ऐकायचाय तो घरच्यांना, मग त्यांच्याच वाट्याला गाळ का? देव काय फक्त पुढच्या दाराने येतो?"

"बरं बरं," म्हणत ती आत गेली, तर केकचा अख्खा ट्रे करपलेला! तिचा तोल सुटला. "एवढंही जमत नाही? आमच्याशिवाय कुणी सांभाळलं असतं तुम्हाला!"

मोठीने एप्रन सोडला, त्याची नीट घडी घातली, खुंटीवरची पिशवी घेतली आणि मागच्या दाराने निघून गेली.

'येतील परत,' म्हणत धाकटीने दोन टेबलांना कॉफी दिली. पुन्हा आत डोकावली. कुणी नाही. बोळात कुणी नाही. एसटीच्या थांब्यावरून गाडीचा हॉर्न ऐकू आला आणि तिचं लक्ष खुंटीकडे गेलं. पिशवीही नव्हती! मुलं शाळेतून येऊन 'मोठी आई कुठे?' विचारतील, तेव्हा काय सांगायचं? आणि मुलांचं राहू दे, आपण तापाने फणफणलो तेव्हा उशाशी कोण बसलं होतं? ती धावत पुढे आली, तोवर गाडी खिडकीसमोरून निघूनही गेली.

तेवढ्यात दाराची घंटी वाजली. डोळे पुसत, सवयीनेच तिच्या तोंडून निघालं, "या ना, बसा..."

दारात मोठी जाऊ उभी होती, हातात पिशवी घेऊन.

"थांबलीस का? बोल की पुढे," मोठी म्हणाली. "थांब्यापर्यंत गेले होते. म्हटलं, जाण्याआधी एकदा गिऱ्हाईक होऊन बघावं. या घरात कुणी आपल्यालाही 'या, बसा' म्हणतं का!"

"ताई!" धाकटीने तिला मिठीच मारली. "माझी जीभ झडो! चुकले मी. नका जाऊ."

"गाडी गेली ना आता," मोठी डोळे टिपत म्हणाली. "खिडकीजवळची जागा आहे का रिकामी?"

"तुमच्यासाठी नेहमीच! काय आणू?"

"कॉफी. आणि तो करपलेला केक तेवढा नको हं!"

सगळं दुकान हसलं. होडीवाल्या आजोबांनी हात जोडून वर पाहिलं. त्या दिवसापासून मधला पडदा कायमचा निघाला, आणि घरात आवाज एकच उरला.

मंडळी, गोड बोलणं परक्यांसाठी राखून ठेवायची वस्तू नव्हे. त्यावर पहिला हक्क आपल्या माणसांचा! म्हणून एवढंच मागणं आहे. आज घरी जाल, तेव्हा आतल्या खोलीत तुमच्यासाठी राबणारं जे कुणी असेल, त्याची आठवण ठेवा. आणि ते कंटाळून थांब्याकडे निघण्याआधी त्याला म्हणा, "या, बसा. दमलात का?"