जावईबापूंची छाटणी

जावईबापू छाटणीला येणार म्हटल्यावर सासूबाईंनी नाक मुरडलं. कुठलासा दीड तासाचा ऑनलाइन वर्ग केला आणि झाले माळी! हातात चामड्याचे मोजे, कमरेला कात्रीचं म्यान. काय तो थाट! वर बाईंनाच शिकवणार, "आई, झाडाला नवं जीवन द्यायचं असेल तर हात आखडून चालत नाही."

हात आखडले होते ते बाईंचे, संधिवाताने. नाहीतर कोण विचारतो याला? अंगणातला तो काळपट लाल गुलाब त्यांच्या नवऱ्याने रानटी खुंटावर स्वतः कलमाचा डोळा भरून तयार केला होता. माणूस गेला, त्याच्या हातचं एवढंच जिवंत उरलं. दोन वर्षं त्याला कळी नव्हती. ते फूल फक्त एकदा पुन्हा बघायला मिळावं, म्हणून बाईंनी लेकीचं ऐकलं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या बघत होत्या. वरवरची छाटणी झाली, मग स्वारी बुंध्याशी बसली. कलमाच्या गाठीतून आलेली दोन जुनी, साल फाटलेली खोडं होती. शेजारी गाठीच्या खालून एक हिरवागार फुटवा सरळ वर आलेला. तो खुंटाचा, जंगली. पहिल्यांदा तोच उपटायचा, हे शेंबड्या पोराला कळेल. पण या शहाण्याने त्यालाच कौतुकाने थोपटलं आणि करवत जुन्या खोडांना लावली.

"म्हातारी खोडं नुसती खातात, देत काही नाहीत," तो बायकोला म्हणाला.

म्हातारी म्हणे! बाईंनी हाक मारायला उघडलेलं तोंड मिटलं. कापू दे. पडू दे एकदा लेकीसमोर तोंडघशी. त्यांनी शांतपणे चहा गाळला. करवत गाठीच्याही खालून गेली.

फुटवा बघता बघता खिडकीएवढा झाला. जावईबापू फोटो काढत सुटले, लेक नवऱ्याचे गोडवे गात राहिली, बाई दात-ओठ खात गप्प. मग एका सकाळी फुलं आली. पांढरी, चिमुकली, झुबक्याने. वास नावाला नाही.

"घ्या! हा जंगली खुंट आहे, जावईबापू," बाई चवीने म्हणाल्या. "गुलाब तुम्ही केव्हाच कापून टाकलात. तो वर्ग पुन्हा करा."

त्याने वाद घातला नाही. खाली बसून बोटांनी माती उकरली. कापलेली जागा काळी पडून वाळली होती. त्याचा चेहरा उतरला.

"बाबांचं हे एकच झाड होतं ना?"

"एकच."

लेकीने विचारलं, "आई, तुला कधी कळलं?"

"मला? मी खिडकीतून बघतच होते की!" बाई तोऱ्यात बोलून गेल्या.

लेक आईकडे बघतच राहिली. जावई मात्र मातीतच बसून होता.

"एक हाक मारायची होती, आई," तो म्हणाला. "मी थांबलो असतो."

तो थांबला असता, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.