गोकुळाच्या मानेचा पट्टा

मी पट्टा आहे, मानेचा. औषधाच्या दुकानात कंबरेच्या पट्ट्यांशेजारी टांगलेलं मला तुम्ही पाहिलं असेल. आत मऊ फोम, वर बदामी कापड, मागे चिकटपट्टी. कुठल्याशा कारखान्यात एका लांब चादरीतून माझ्यासारखे शेकडो कापले गेले. ते मला फारसं आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं गडचिरोलीत, कॉलेजात शिकणाऱ्या आचल नावाच्या मुलीनं दुकानदाराला विचारलं तेव्हा, "लहान साइज नाई का?"

"मिडियमच आहे. बसते बराबर," दुकानदार म्हणाला.

मी बराबर बसलो नाही. आचलची आई गोकुळा, तिची मान बारीक होती. माझी वरची कड तिच्या हनुवटीला घासायची, तिथं लाल व्हायचं. तिनं कधी कुरकुर केली नाही. पहिल्या दिवशी आरशात पाहून एवढंच म्हणाली, "बैलावानी दिसून राह्यली मी."

चामोर्शीच्या वाटेवर, वैनगंगेपासून जवळ त्यांचं गाव. नवरा डोमा तलावात जाळं टाकायचा आणि गोकुळा मासोळ्यांची टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला जायची. लग्न होऊन आली तेव्हापासून. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर ओली टोपली, आणि टोपलीतलं पाणी कानामागून मानेवर ओघळायचं. वीस-बावीस वर्षं त्या मानेनं हे केलं आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. माणसाला आपली मान दिसतच नाही. दुसऱ्यानं पाहावी लागते.

आधी तिच्या उजव्या हाताला मुंग्या यायच्या. ती हात झटकायची आणि कामाला लागायची. मग पाण्याचा पितळी गुंड हातातून निसटायला लागला. एकदा मासोळी कापताना पावशीच्या पात्यावर बोट कापलं आणि रक्त पाटावर सांडेपर्यंत तिला कळलंच नाही. ते आचलनं पाहिलं. दुसऱ्याच दिवशी ती आईला घेऊन गडचिरोलीला डॉक्टर रश्मीकडे गेली.

रश्मी चंद्रपूरची. सोमवारी आणि गुरुवारी गडचिरोलीत बसायची. फिजिओथेरपी शिकलेली, आणि हातांनी मणके मोकळे करायचं कायरोप्रॅक्टिकचं तंत्रही तिनं बाहेर राहून शिकून घेतलं होतं. पण पहिल्या दिवशी तिनं मानेला जवळजवळ हातच लावला नाही. गोकुळाला तिची बोटं घट्ट धरायला लावली, डोळे मिटवून कापसाचा बोळा कुठं लागतो ते विचारलं, आणि मानेचे आतले फोटो काढायला चंद्रपूरला पाठवलं. फोटो आले तेव्हा डोमाही सोबत होता.

"मानेच्या दोन मणक्यांमधली गादी बाहेर सरकली आहे," रश्मी म्हणाली. "हाताकडे जाणारी नस तिथं दाबली जाते. मी हळूहळू जागा मोकळी करीन. पण ही मान झटक्यानं फिरवायची नाही. मी फिरवणार नाही आणि दुसऱ्या कोणालाही फिरवू द्यायची नाही. आणि डोक्यावर ओझं बंद."

"बंद?" डोमा हसला. "मंग मासोळ्या कोण नेईन बाई?"

"तुम्ही. सायकलवर."

डोमाचं हसू गेलं. त्यांच्या गावात माणसं जाळं टाकतात आणि बाया मासोळी विकतात. बाजारात बायांच्या रांगेत आपण एकटेच बसलोय असं त्याला दिसलं असावं.

रश्मीच्या सांगण्यावरून त्या दिवसापासून मी तिच्या गळ्याशी राहायला लागलो. गळ्याशी राहणाऱ्याला माणूस फार जवळून कळतं. बोलायच्या आधी गिळलेले शब्द मला कळायचे. वाटेत बाया विचारायच्या, "काय झालं वो, गाडीवरून पडली का?" आणि ती पदर ओढून मला झाकायची.

उपचार सावकाश चालायचे. रश्मी मला सोडवून बाजूला ठेवायची, गोकुळाचं डोकं दोन्ही तळव्यांत घ्यायची आणि हलकेच आपल्याकडे ओढून धरायची. खोलीत काही आवाज व्हायचा नाही. कधीकधी गोकुळाला झोप लागायची. घरी करायला चार व्यायाम होते, ते ती भात शिजेपर्यंत चुलीपुढे बसून करायची. दीड महिन्यात बोटांतल्या मुंग्या मनगटापर्यंत आणि मग कोपरापर्यंत मागं सरल्या. रश्मी म्हणाली, "दुखणं हातातून वर सरकतंय. हे चांगलं लक्षण आहे."

गोकुळा घरी येऊन म्हणाली, "अजी, आज मी सुईत दोरा ओवला." डोमानं मान डोलावली. त्याला सुईदोऱ्यात काही मोठं वाटलं नाही.

मग पौषानंतर तलावाचं पाणी उतरलं आणि मासोळी निघायला लागली. वर्षातले हेच दिवस. डोमा पहाटेपासून पाण्यात, आचल परीक्षेत. टोपल्या भरून दारात ठेवलेल्या. गोकुळा थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली, मग तिनं मला काढलं आणि जाळ्याशेजारच्या खुंटीला अडकवलं. जिला माझी गरज होती ती मान ओझ्याखाली चालली होती, आणि मी खुंटीवर होतो. असं अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी तिला उजवा हात खांद्यावर नेता येईना.

"तीन महिने झाले," डोमा चिडून म्हणाला. "ते बाई नुसती बोटं फिरवते. हे पाह्य." त्यानं मोबाईल तिच्यापुढे धरला. त्यात एक माणूस कोणाची तरी मान धरून कटकन फिरवायचा आणि ज्याची मान फिरवली तो हसत उठायचा. एकामागून एक तसेच. "एका झटक्यात बरी होशीन तू. मले तुहं दुखणं पाह्यवत नाई गोकुळा."

त्याचं शेवटचं वाक्य खरं होतं. म्हणून मला त्याच्यावर धड रागावताही येत नाही.

महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत दोघं गेले, मी पुन्हा तिच्या गळ्यात. देवळाचं दर्शन झालं, नदीकाठी बैलांच्या चाऱ्याचं कुटार भरलेल्या बैलगाड्यांशेजारी शिदोरी सोडली. पलीकडे एक मांडव होता, बाहेर फलक, आत माईक आणि एक बाक. लांबून आलेला एक हसतमुख माणूस लोकांच्या माना मोडत होता. लोक टाळ्या वाजवत होते. गोकुळाची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "हा पट्टा काढा आधी बाई. ह्यानंच तुमची मान आखडली."

"डॉक्टरीण बाई नाई म्हणली होती जी," गोकुळा हळूच डोमाला म्हणाली.

"अवं, एवढे लोक करून राह्यले ना," डोमा म्हणाला आणि त्यानं स्वतः मला सोडवलं.

मी त्याच्या मुठीत होतो. मूठ घामानं ओली झाली होती. त्या माणसानं फोटो मागितला नाही, बोटं धरायला लावली नाहीत. हनुवटी एका हातात, डोकं दुसऱ्या हातात. मांडवात सगळ्यांना ऐकू गेला असा आवाज झाला.

आणि गोकुळा हसली. "खरंच हलकं वाटून राह्यलं," ती म्हणाली. डोमाच्या डोळ्यांत पाणी आलं. जत्रेतून त्यानं तिला हिरव्या बांगड्या घेऊन दिल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती तलावावरून आली तेव्हा आचल म्हणाली, "आई, तुई एक चप्पल कुठी गेली?" गोकुळानं खाली पाहिलं. डावा पाय उघडा होता. चप्पल कधी निघाली, वाटेत काय टोचलं, तिला काहीच कळलं नव्हतं. दुपारपर्यंत दोन्ही पाय लाकडासारखे झाले. गाडीत घालून नेताना आचलनं मला तिच्या गळ्यात बांधलं. तेव्हा तिच्या गळ्याची शीर इतकी जोरात उडत होती की माझा फोम हलत होता.

नागपूरला ऑपरेशन झालं. मांडवातल्या झटक्यानं गादी आणखी सरकून मानेतून पायांकडे जाणारी मुख्य नस दाबली गेली होती. तिथं मला काढून एक कडक प्लास्टिकचा पट्टा बसवला. तिचे पाय वाचले. काठी धरून ती अंगणापर्यंत चालते. उजव्या हाताची मूठ मात्र पुन्हा मिटली नाही.

डोमा आता मासोळ्या सायकलवर नेतो, बाजारात बायांच्या रांगेत बसतो. कोणी त्याला हसलं नाही.

गेल्या गुरुवारी तो मला पिशवीत घालून रश्मीकडे आला. दारातच उभा राहिला.

"धुवून आणला बाई. कोणाच्या कामी आला तर द्या," तो म्हणाला. मग जत्रेचं सगळं सांगितलं, काही न लपवता. "रागवा मले."

रश्मी रागावली नाही. तिनं खुर्ची पुढे केली. "गोकुळाबाईंना घेऊन या डोमाभाऊ. डाव्या हातानं पुष्कळ शिकता येतं. उजव्यालाही थोडं परत येऊ शकतं."

"ते येत नाई म्हणते." "कोणाचा बी हात मानेजवळ गेला का थरथर कापते ते. आचल वेणी घालाले गेली तरी. आता केसच कापून टाकले तिचे."

डोमा गेल्यावर रश्मीनं मला कपाटात वरच्या फळीवर ठेवलं.

तिथून मला दार दिसतं. लोक येतात. लवकर बरं करा म्हणतात, मोबाईलमधलं काहीतरी दाखवतात. त्यांना मला सांगावंसं वाटतं की सावकाश चाललेल्या हातांना थोडे दिवस द्या, आणि घरात कोणी सारखा हात झटकत असेल तर त्याच्या डोक्यावरचं ओझं आधी उतरवा. पण पट्ट्याचं कोण ऐकणार.

गोकुळा, सोमवारी किंवा गुरुवारी कधीतरी ये. नुसती त्या खुर्चीवर बस. तुझ्या मानेला कोणी हात लावणार नाही, मीसुद्धा नाही.