न भाजणारी ज्योत

"लागलं का गं? दाखव बघू, फुंकर घालते." लेकीच्या कानात आईचा हा आवाज लहानपणापासूनचा. कपड्यांच्या ढिगातून वाट काढत, इस्त्री उभी ठेवून आई तिचा खरचटलेला गुडघा मांडीवर घ्यायची.

आज तीच आई भरगच्च सभागृहात पाय पुढे करून बसली होती. अंगठ्याखालची जखम काळवंडलेली. इस्पितळातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "आणखी उशीर केलात, तर पाऊल जाईल."

व्यासपीठावरच्या तेजबाबांनी काचेची कांडी उचलली. कळ दाबताच आत जांभळा उजेड सळसळला.

"पाहा! विस्तव आहे, पण भाजत नाही! डॉक्टर कापतो, बाबा जोडतो!" हातभर अंतरावरून कांडी फिरवत त्यांनी विचारलं, "आई, दुखतंय?"

"नाही."

टाळ्यांनी छप्पर उडायचंच बाकी राहिलं.

लेक गर्दीतून पुढे सरकली. ती इस्पितळात जखमांच्या कक्षात काम करायची. तिथेही अशीच जांभळी धार होती, विजेने वायू चेतवून काढलेली. तिला प्लाझ्मा म्हणतात. जखमेच्या ओलाव्यात ती जंतू मारणारं रसायन तयार करते, आणि ते किती उतरलं हे नखाएवढा सेन्सर आकड्यात सांगतो. आई इथेच फसली होती; म्हणायची, "तुमच्याकडेही हाच उजेड, मग बाबांचा काय वाईट?"

"बाबा, मोजू?" लेकीने सेन्सरची डबी पुढे केली.

"मोज, पोरी! तेज मावतंय का बघ तुझ्या डबीत!"

ओल्या कापसावर सेन्सर ठेवला. कांडी फिरली, पुन्हा फिरली. आकडा शून्य.

"डबीला श्रद्धा नाही!" बाबा गरजले. लोक खदखदून हसले.

लेकीने जखम धुण्याच्या, तेच रसायन असलेल्या औषधाचा थेंब कापसावर टाकला. आकडा झपकन चढला.

"डबी चालू आहे. कांडीतून काही बाहेरच येत नाही. दुकानांच्या पाट्यांवर असते तशी ही बंद नळी. हातभर लांबचा उजेड भाजणार कसा? आणि बरं तरी काय करणार?"

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "आकडे राहू देत, ताई! तुझ्या आईचं दुखणं थांबलं की नाही?"

लेकीने आईचे गुडघे धरले. "आई, ऊठ ना गं. पाया पडते तुझ्या."

आईने खाली पाहिलं. मग गर्दीकडे.

"थांबलं नाही," ती म्हणाली. "दुखतच नव्हतं. साखरेच्या आजाराने पाय कधीचाच बधिर झालाय. रस्त्यात चप्पल निसटते, मला पत्ता नसतो. इस्पितळात पाय तपासायला सुई टोचली, तेव्हा हिच्या तोंडाकडे बघून 'लागतं' म्हणाले. कापतील म्हणून भ्यायले. बाबांना मात्र खरंच सांगितलं, दुखत नाही. अहो, टाळ्या वाजवण्याआधी एकाने तरी विचारायचं होतंत, आधी दुखत होतं का?"