दसऱ्याला उघडलेलं झाकण

आमच्या कंपनीच्या गेम कन्सोलचं झाकण उघडलं की त्याचं अकाउंट कायमचं बंद होतं. हा नियम माझा. लोक आत चोरटी चिप बसवून फुकटात गेम खेळतात, म्हणून मी झाकणाखाली सेन्सर बसवायला लावला. महापेच्या ऑफिसात त्याबद्दल शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कारही झाला.

त्यातलं माझं लाडकं कलम म्हणजे 'अपील नाही'. आपल्याकडे कोणालाही पकडा, दहा मिनिटांत त्याच्या मेहुण्याचा फोन येतो, 'जरा बघा ना, आपलाच माणूस आहे.' म्हणून मी माणूसच मधून काढून टाकला. यंत्र पकडेल, यंत्रच बंद करेल आणि आतलं सगळं पुसून टाकेल. माझ्या हाताखालचा केयूर तेव्हा म्हणाला होता, "मॅडम, एखादा प्रामाणिक निघाला तर?"

"प्रामाणिक माणूस झाकण कशाला उघडेल?" मी त्याला गप्प केलं.

दसऱ्याच्या दुपारी बोनकोड्याहून बाबांचा फोन आला. "निशिगंधा, माजा शेत दिसत नाय गं."

आई गेल्यावर बाबा फार एकटे पडले, म्हणून मीच त्यांना कन्सोल नेऊन दिला होता. नवं शहर वसवायला सरकारने आमची भातशेती घेतली तेव्हा ते विशीत होते. पुढे कित्येक वर्षांनी मोबदल्यात साडेबारा टक्के जमीन परत मिळाली. त्यावर इमारत झाली आणि तिच्या भाड्यावर मी इंजिनिअर झाले. गेलेलं ते शेत बाबांनी तीन वर्षं खपून शेतीच्या गेममध्ये जसंच्या तसं उभं केलं होतं. खाडीकडचा बांध, कोपऱ्यातला उंबर, बांधावर भाकरी घेऊन येणारी बाई. तिला त्यांनी आईचं नाव दिलं होतं, पुतळा.

"बाबा, ते उघडलंत का तुम्ही?"

"मंग? दसऱ्याला अवजारा साफ करून पुजाची, आपला रिवाज हाय. स्क्रू काढले, धूळ पुसली, हलदकुंकू लावला. परत बसवला तसाच."

मी लगेच केयूरला फोन लावला. "एक अकाउंट सुरू करायचंय. जरा बघ ना, आपलाच माणूस आहे."

"मॅडम, डेटा पुसला गेलाय," तो हळूच म्हणाला. "आणि मधे हात घालायला जागाच नाहीये."

मी बोनकोड्याला गेले. झेंडू वाहिलेल्या कन्सोलसमोर बाबा पाटावर बसले होते. मी सगळं सांगितलं, नियम माझाच आहे तेही.

"नोटीस नाय काडली?"

"नाही बाबा."

"तवा साडेबारा टक्के तरी दिलते. तुजी कंपनी किती देल?"

"काहीच नाही."

"मंग सरकार बरा होता," ते म्हणाले.