रेमेदियोसच्या मापाचा झगा

मित्रांनो, मी लग्नाचा झगा आहे, आणि आता बराच जुना झालो आहे. माझी मालकीण कोण, असं कुणी विचारलं तर मला चटकन सांगता येत नाही. ज्या मुलीच्या मापाने मला बेतलं, तिने मला कधी अंगावर चढवलंच नाही.

माझा जन्म मनिलात, सेल्सो व्हेर्गारांच्या हातून झाला. त्यांच्याकडे झगा शिवायला टाकणं म्हणजे घराण्याची ऐट. अननसाच्या पानांच्या धाग्याचं तलम कापड त्यांनी मागवलं, त्यावर पांढऱ्याच रेशमाने वेलबुट्टी काढवून घेतली आणि फुलपाखराच्या पंखांसारख्या ताठ बाह्या बसवल्या. आमच्याकडे नवरीने लग्नाआधी झगा घालून पाहायचा नसतो. पाहिला तर लग्न मोडतं म्हणतात. म्हणून दूरच्या इलोइलो शहरातून नवरीची, रेमेदियोसची, मापं आली आणि तिच्या बांध्याच्या लाकडी पुतळ्यावर मी हळूहळू आकाराला आलो.

पेटीतून मी इलोइलोच्या घरी पोचलो, तेव्हा रेमेदियोस मला नुसती लांबून बघत उभी राहिली. ती घरातली थोरली. वडील गेल्यावर धाकटी भावंडं तिनेच वाढवली, आणि त्यापायी स्वतःचं लग्न चार वर्षं पुढे ढकललं. तिचा ठरलेला नवरा गिल्येर्मो तिच्यासाठी थांबला होता. तिने हात पुढे केला आणि परत मागे घेतला. "नको बाई, उगाच अपशकुन नको," ती स्वतःशीच म्हणाली.

धाकट्या नेनिताला असली भीती नव्हती. एका दुपारी रेमेदियोस बाजारात गेली असताना तिने मला कपाटातून ओढून काढलं, अंगावर चढवलं आणि आरशापुढे गिरक्या घेतल्या. तेवढ्यावर थांबली असती तर बरं होतं. खाली दिवाणखान्यात गिल्येर्मो आपल्या आईबरोबर आला होता. नेनिता मला घालूनच जिना उतरली.

"कशी दिसते?" तिने हसत विचारलं.

गिल्येर्मो उठून उभा राहिला, आणि माझ्या काठावरून त्याची नजर वर वर सरकत गेली ती मला जाणवली. कंबरेत मी सैल होतो. नेनिताने मागे हात नेऊन मला मुठीत आवळून धरलं होतं.

पुढच्याच रविवारी गिल्येर्मोची आई एकटी आली. "विहीणबाई, मुलगा हट्टाला पेटलाय. करीन तर धाकटीशी, नाहीतर करणारच नाही म्हणतो."

रेमेदियोसची आई, दोन्या आसुन्सिओन, पंख्याने वारा घेत होती. ती म्हणाली, "घर तेच, चर्च तेच, पाहुणे तेच. नवरी तेवढी बदलली. लोकांच्या लक्षातसुद्धा राहायचं नाही."

"पण लोक विचारतीलच की."

"रेमीने झगा आधीच घालून पाहिला, म्हणून तिचं फिसकटलं, असं सांगू. विश्वास बसेल लोकांचा."

रेमेदियोस दाराशी कॉफीचा ट्रे घेऊन उभी होती. तिने कप एकेक करून टेबलावर ठेवले. एकही सांडला नाही.

मित्रांनो, खरं काय ते मला ठाऊक होतं. पण कापडाला वाचा नसते.

मग मला नेनिताच्या मापाचं करायचं ठरलं. मनिलाला परत पाठवायला वेळ नव्हता, आणि घरात रेमेदियोसइतका सफाईदार हात कुणाचा नव्हता. आईने तिच्या पुढ्यात मला टाकलं. नेनिता स्टुलावर उभी राहून चिंचेची गोळी चघळत होती.

"मानांग, टोचतंय गं!" थोरल्या बहिणीला आमच्याकडे मानांग म्हणतात.

"हलू नकोस मग."

"रागावलीस होय? अगं, कंबर माझी बारीक, त्याला मी काय करणार?"

रेमेदियोसच्या तोंडात टाचण्या होत्या. कात्री तिच्या हाताशीच होती. मला वाटलं, आता ही मला उभा फाडणार. फाडलं असतं तरी मी तक्रार केली नसती. पण तिने शिवण उसवली, कंबर दोन बोटं आत घेतली आणि इतक्या नाजूक टाक्यांनी शिवली की खुद्द सेल्सो व्हेर्गारांनाही ओळखू आली नसती.

लग्नात तिला आईने आणखी एक काम दिलं. आमच्या चालीप्रमाणे नवरीच्या डोक्यापासून नवऱ्याच्या खांद्यापर्यंत ओढणी टाचायची. ती पुढे झाली, गिल्येर्मोच्या खांद्यावर टाचणी लावली आणि जागेवर जाऊन बसली. मागच्या बाकावरून कुजबुज ऐकू आली, "हीच ती. झगा घालून पाहिला न् नशीब घालवून बसली."

माझं कौतुक मात्र उदंड झालं. मासिकात फोटो आला. नेनिता संसाराला निघून गेली आणि मी माहेरीच राहिलो, कारण "मानांग नीट जपते". खरंच जपायची. निळ्या कागदात गुंडाळायची, पाऊस सरला की सावलीत वारा द्यायची, घडी जुन्या रेषेवर कधी पडू द्यायची नाही. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं हगणंमुतणं काढून, हात धुऊन ती माझ्याकडे यायची. आई मरताना नेनिताचं नाव घेऊन गेली.

वर्षं गेली. नेनिताची मुलगी इसाबेल लग्नाला उभी राहिली. आता जुन्या झग्यांची फॅशन होती. ती मैत्रिणींना घेऊन आली आणि मला बघून टाळ्या पिटू लागली.

"तिया रेमी, तुम्हीच ना तो झगा आधी घालून पाहिलेला?" इसाबेल मावशीला खिदळत म्हणाली. "आणि नवरा पळाला!"

मैत्रिणी हसल्या. नेनिता खिडकीबाहेर बघू लागली.

"मी कधी नाही घातला," रेमेदियोस म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "तुझ्या आईने घातला होता. विचार तिला."

नेनिता वळली. "आता म्हातारपणी हे उकरून काय मिळणार आहे तुला?"

"काही नाही."

इसाबेलने खांदे उडवले. "जाऊ दे ना मम्मी. तिया, बाह्यांना जरा इस्त्री मारून द्याल?"

लग्नानंतर मी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेला परत आलो. रात्री नाचता यावं म्हणून मला गुडघ्यापाशी कापलं होतं. पुढच्या बाजूला दारू आणि भाजलेल्या डुकराची चरबी सांडली होती. सोबत ड्रायव्हरचा निरोप होता, "धुऊन ठेवायला सांगितलंय."

रेमेदियोसने मला गॅलरीतल्या दांडीवर टाकलं. पाण्याची बादली भरली. माझा डाग बोटाने एकदा चाचपला. मग ते पाणी तिने कुंड्यांना घातलं, चपला चढवल्या आणि शेजारणीला हाक मारली, "एर्लिंदा, चल गं, ला पाझच्या बाजारात बॅचॉय खाऊन येऊ. गरम रस्सा प्यावासा वाटतोय."

त्या दिवसापासून मी इथेच आहे. उन्हाने पिवळा पडलो, कसरीने बाह्या पोखरल्या. मित्रांनो, जुन्या वस्तू अशा वेळी तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मी तसं सांगणार नाही. माझी घडी कधी चुकली नाही, पण ती घडी घालणारीला, बाई जेवलीस का, असं त्या घरात कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. तुमच्या घरी असं कुणी असेल, तर कपडे राहू देत. आधी तिला विचारा.